खाऱ्या विहिरीचा धडा
(पॅरिशच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. आम्ही कोणी विद्वान नव्हे. वसई तालुक्यातील एका लहानशा महाविद्यालयात नैसर्गिक साधनसंपत्तीच्या संरक्षणाचा अभ्यास करून आलेले या वाडीचेच लेकरू आहोत. तेथे जे शिकलो, तेवढेच निवेदन करितो.

हा विषय घेतला तेव्हा, "याने पोट भरेल काय?" असे पुष्कळांनी विचारिले. प्रश्न रास्त होता. सन १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण आवश्यक ठरविले. तथापि बहुतेक ठिकाणी ते गुणांपुरतेच उरते. आमचे सुदैव असे की, महाविद्यालय लहान, वर्गात मोजकी मुले, प्रयोगशाळा एका खोलीची. मोठी यंत्रे नसल्याने प्राध्यापकांनी एके दिवशी आज्ञा केली, "प्रत्येकाने आपापल्या घरच्या विहिरीचे पाणी बाटलीत भरून आणा."

त्या पाण्यात पोटॅशियम क्रोमेट घालून पिवळे करावयाचे, आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडीत जावयाचे. पाणी विटकरी रंगावर आले की थांबावयाचे. जितके थेंब अधिक, तितके पाण्यात क्लोराइड अधिक. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड असावे, दुसरी सोयच नसल्यास १००० पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. सर्वांची पात्रे विटकरी झाली. आमचे पिवळेच राहिले. शेवटी हिशेब केला, तो १००० च्याही पुढे गेला. वर्गात सर्वांत खारे पाणी आमच्याच घरचे निघाले.

याचे कारण पुढे समजले. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे चाळिसाव्या हिश्शाने जड असते. म्हणून किनाऱ्याच्या भूमीखाली गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत राहते. उत्तर समुद्रातील बेटांच्या पाणीपुरवठ्याचा विचार करून हेर्झबर्ग या जर्मन अभ्यासकाने सन १९०१ मध्ये दाखविले की, समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक फूट असेल, तर खाली ते सुमारे चाळीस फूट असते. याचाच उलट अर्थ असा की, पंप लावून वरची पातळी एक फूट उतरविली, तर कालांतराने खालचे खारे पाणी चाळीस फूट वर चढू पाहते.

आता आमचा अपराध सांगतो. आमच्या वाडीत एक बावखल होते. पावसाचे पाणी त्यात साठे, हळूहळू जमिनीत मुरे आणि शेजारच्या विहिरीस पोसे. पंप आल्यावर ते निरुपयोगी वाटू लागले. डासांचे घर म्हणून आम्ही त्यास नावे ठेविली, आणि जागेस भाव येताच डबर टाकून ते बुजविले. "बावखल गेले तर विहीर रुसेल," असे आजोबा म्हणाले होते. आम्ही त्यांस हसलो. ज्या दिवशी आमचे पात्र पिवळेच राहिले, त्या दिवशी त्यांची क्षमा मागावयास ते हयात नव्हते.

बंधूंनो, या विषयात वसई कोणाच्याही मागे नाही. गेल्या शतकाच्या नवव्या दशकाच्या अखेरीस दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा आपल्याच वडीलधाऱ्यांनी पाणी आणि झाडे यांसाठी रस्ता धरिला होता. त्या पिढीने आरंभिलेले कार्य आपण घरोघरी चालवावे, इतकीच विनंती आहे.

पहिले, जी बावखले उरली आहेत ती बुजवू नयेत. डासांसाठी त्यांत गप्पी मासे सोडावेत. दुसरे, छपराचे पाणी वाया जाऊ देऊ नये. शंभर चौरस मीटर छपरावर २००० मिलिमीटर पाऊस पडला, तर दोन लक्ष लिटर पाणी होते, आणि आपल्याकडे पाऊस बहुधा त्याहून कमी नसतो. ते गाळून विहिरीत सोडावे. तिसरे, दरवर्षी मे महिन्यात प्रत्येकाने आपल्या विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. तरुणांनी हे काम पत्करावे. आम्ही त्यांच्याबरोबर येऊ.

आमच्या बावखलाच्या अर्ध्या जागेवर आज चुलतभावाचे घर उभे आहे. ते हलविता येत नाही. उरलेल्या अर्ध्यातील भराव आम्ही गेल्या उन्हाळ्यात काढिला. विहीर अद्याप खारीच आहे. एकदा वर आलेले मीठ मागे लोटावयास अनेक पावसाळे लागतात, आणि आम्ही ते मोजीत आहोत. ज्यांचे बावखल अद्याप शाबूत आहे, त्यांना हा हिशेब कधीही करावा लागू नये, एवढ्याचसाठी हे घरचे दुःख आज सभेत सांगितले.