परळहून येणारी गोळी

मालाड, कांदिवली, बोरिवली, दहिसरहून रविवारची झोप मोडून आलेल्या माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

संघटनेच्या अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. आयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘ओपिऑइडचं संकट : संशोधन आणि धोरण’. अध्यक्षांनी जगाचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. तो मी घेते, पण लवकर उरकते, कारण मला दुसरंच काही बोलायचं आहे आणि ते बोलण्यासाठी मी फार वर्षं थांबले आहे.

अमेरिकेपासून सुरुवात करायची असते, म्हणून करते. 1980 साली तिथल्या एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात नार्कोटिक औषधं दिलेल्या 11,882 रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन जडल्याची नोंद सापडली, असं त्यात होतं. ही माणसं रुग्णालयात खाटेवर होती, घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेत नव्हती. पण पत्र कोण पूर्ण वाचतो? 1996 मध्ये ऑक्सिकॉन्टिन बाजारात आलं आणि कंपनीचे प्रतिनिधी कंबरदुखीलाही ते लिहा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागले. गोळ्यांवरून माणसं हेरॉइनकडे गेली, हेरॉइनवरून फेंटानिलकडे. 2021 पासून सलग तीन वर्षं तिथे अमली पदार्थांच्या अतिमात्रेने दरवर्षी लाखावर माणसं मेली.

आता आपल्याकडे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेलं सर्वेक्षण 2019 मध्ये आलं. देशात 2 कोटी 26 लाख लोक कोणत्या ना कोणत्या रूपात ओपिऑइड घेतात, 10 ते 75 वयोगटातल्या लोकसंख्येच्या 2.06 टक्के. त्यातल्या सुमारे 77 लाखांना उपचारांची गरज आहे आणि या 77 लाखांत मोठा वाटा उचलणाऱ्या राज्यांत महाराष्ट्राचं नाव आहे. सरकारने काय केलं? 2016 मध्ये कोडीनच्या खोकल्याच्या औषधांसकट 344 मिश्रणांवर बंदी आणली, ती त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात पडली. 2018 मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याखाली आणलं. 2025 च्या फेब्रुवारीत बीबीसीने मुंबईच्या एका औषध कंपनीच्या टॅपेंटाडॉल-कॅरिसोप्रोडॉलच्या गोळ्या घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टच्या रस्त्यांवर विकल्या जाताना दाखवल्या, तेव्हा त्या मिश्रणाची निर्यात थांबवली. कुठे काही उघडकीला आलं की एक यादी वाढते.

आढावा संपला. आता माझं.

मघाच्या परिसंवादात आपल्या एका तरुण मित्राने तळमळीने सांगितलं, की अमेरिकेची चूक आपण करायची नाही आणि ओपिऑइडपासून लांब राहायचं. टाळ्याही पडल्या. मी वाजवल्या नाहीत. 2017 मध्ये लॅन्सेटच्या आयोगाने हिशेब मांडला, की तीव्र वेदनेत असलेल्या दर रुग्णामागे अमेरिकेत वर्षाला साधारण 55 हजार मिलिग्रॅम मॉर्फिनच्या तोडीचं औषध उपलब्ध असतं. भारतात 43. हजार नाही, त्रेचाळीस. गरजेच्या चार टक्के. आणि अतिरेक टाळायचा म्हणून आपण अजून काटकसर करायची?

बरं, हे औषध आपल्याला बाहेरून आणावं लागतं म्हणावं, तर तसंही नाही. मंदसौर, नीमच, चित्तोडगडच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. कित्येक दशकं आपण ती जगाला विकत आलो. मॉर्फिनची दहा मिलिग्रॅमची गोळी महागही नाही. ती फक्त कांदिवलीत मिळत नाही.

मी इथे दवाखाना थाटला तेव्हा चारकोपच्या वर्ल्ड बँकेच्या योजनेतली बैठी घरं नुकती भरत होती. गिरगाव, लालबाग सोडून आलेली माणसं होती. त्यांतले एक निवृत्त गिरणी कामगार, प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात उतरलेला. परळच्या टाटा रुग्णालयात दाखवलं होतं, तिथून मॉर्फिन सुरू झालं, माणूस उशीला टेकून पेपर वाचायला लागला. मग गोळ्या संपल्या. मुलगा रात्रपाळीला. सुनेने घराजवळच्या केमिस्टला चिठ्ठी दाखवली, तो म्हणाला, “वहिनी, हे औषध आम्ही ठेवत नाही, पोलिसांची कटकट.” दुसऱ्याने चिठ्ठीकडे पाहून तिच्याकडेच संशयाने पाहिलं. मी स्वतः एका मोठ्या रुग्णालयात फोन केला. “दाखल करा, इंजेक्शन देऊ, घरी न्यायला गोळ्या नाहीत.” खाट कुठे होती दाखल करायला? त्या रात्री शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला, कारण आतलं ओरडणं ऐकवत नव्हतं. सकाळी मुलगा रात्रपाळीवरून परस्पर परळला गेला, रांगेत उभा राहिला आणि दुपारी गोळ्या घेऊन आला. तेव्हापासून वडील जाईपर्यंत तो नेमाने परळला जात राहिला. कांदिवलीची वेदना आणि परळची गोळी, मध्ये चर्चगेट लोकल. माझ्या रुग्णांच्या घरांत हेच मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे.

हे असं का झालं, ते आपल्यातल्या जुन्यांना आठवत असेल. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर आली. स्टेशनाबाहेर पन्नीवर दम ओढणारी पोरं, नशा तुटल्यावर ‘टर्की’त तडफडणारी पोरं आपण सगळ्यांनी पाहिली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी मदतीचा हात पुढे केला आणि 1986 मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचटांचं ‘मुक्तांगण’ उभं राहिलं. त्याच वर्षी वांद्र्याला डॉ. डिसूझांनी ‘शांती आवेदना सदन’ सुरू केलं, देशातलं पहिलं हॉस्पिस. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांच्या तीन पायऱ्या सांगितल्या, सगळ्यात वर मॉर्फिन. शहाणपणाचं वर्ष होतं ते. पण त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर 1985 मध्ये, एनडीपीएस कायदा लागू झाला होता. कमीत कमी दहा वर्षं सक्तमजुरी, आणि सुरुवातीला तर पुडी किती ग्रॅमची हेही फारसं न पाहता. मात्रेप्रमाणे शिक्षा ठरवायला 2001 ची दुरुस्ती यावी लागली. रुग्णालयांना मॉर्फिन ठेवायला निरनिराळ्या खात्यांचे परवाने, प्रत्येकाची मुदत वेगळी. एक हातात येईपर्यंत दुसरा संपलेला. परिणाम? देशात 1985 मध्ये 573 किलो मॉर्फिन वैद्यकीय कामासाठी वापरलं गेलं होतं. 1997 मध्ये 18 किलो. आणि त्या बारा वर्षांत गर्द कमी झाली का हो? स्टेशनाबाहेर जाऊन पाहणाऱ्याला उत्तर माहीत होतं. कायद्याचा बडगा पुडी विकणाऱ्यापेक्षा आमच्या कपाटावर जास्त पडला. त्या काळात शिकलेल्या डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीने मॉर्फिनची गोळी हातातसुद्धा घेतली नाही, आणि तीच पिढी आज विद्यार्थ्यांना शिकवते.

“गोळी घरी दिली की ती बाजारात जाते,” हा दुसरा आक्षेप मघाशी आला. त्याला केरळचं उत्तर आहे. कालिकतला डॉ. राजगोपाल यांच्या केंद्राने दोन वर्षांत 1,723 रुग्णांना मॉर्फिन घरी घेऊन जायला दिलं. गैरवापराचा एकही प्रसंग सापडला नाही, आणि हे 2001 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं आहे. पण आकड्यांनी तुमचं समाधान होणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून माझ्याकडचं सगळ्यात अवघड घर सांगते.

पोयसरची एक बाई. स्तनाचा कॅन्सर हाडांत गेलेला. आणि घरात एकुलता एक मुलगा गर्दुल्ला. भांडी विकून झाली होती, आईचं मंगळसूत्र विकून झालं होतं. मला सगळ्यांनी सांगितलं, या घरात मॉर्फिन म्हणजे आगीत तेल. मी दिलं. शेजारच्या मावशींकडे कुलूपबंद डबा ठेवला. त्या दर चार तासांनी गोळी घेऊन यायच्या, बाईंच्या जिभेवर ठेवायच्या, पाणी पाजायच्या आणि वहीत खूण करायच्या. रात्रीची दुप्पट गोळी, म्हणजे त्यांनाही झोप. काही महिन्यांत एकदा एक पट्टी कमी भरली. मुलानेच नेली असणार, मावशींचा डोळा लागला असताना. तर मग? त्या एका पट्टीसाठी बाईंना शेवटपर्यंत विव्हळत ठेवायचं होतं का? ज्यांना वाटतं हो, त्यांनी त्या खोलीत एक रात्र काढून मग माझ्याशी वाद घालावा. बाई हाडांवरच्या रेडिएशननंतर मधले काही महिने इतक्या बऱ्या होत्या, की आम्ही मात्रा उतरवत उतरवत गोळी बंद केली. त्यांनी एकदाही मागितली नाही. पुढे दुखणं परतलं तेव्हा पुन्हा सुरू केली. याला व्यसन म्हणतात?

आणि त्या मुलाचं ऐका, कारण त्याला बाजूला ठेवून मी ही बाजू लढवणार नाही. आई गेल्यावर तो आपण होऊन आला. हाताला गळू झालं होतं, ते दाखवायला, आणि मग म्हणाला, “बाई, सोडायची आहे.” बुप्रेनॉर्फिन हा गर्दच्या व्यसनावरचा उपचार आहे, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने (नॅको) 2007-08 पासून तो आपल्या कार्यक्रमात घेतला आहे, रोज केंद्रावर समोर गोळी घ्यायची. पण केंद्र लांब. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये रोजंदारीवर असलेला पोरगा रोज सकाळी गोळीसाठी इतका प्रवास करणार, मग कामाला उशिरा पोचणार. मुकादमाने आठवडाभर चालवून घेतलं. नोकरी गेली, मग केंद्रही सुटलं. कायद्याच्या कलम 64-अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून संरक्षण आहे. ते मी त्याला वाचून दाखवलं होतं. पण संरक्षण मिळवायला जायचं ते केंद्र जवळ असेल, असं त्या कलमात लिहिलेलं नाही.

म्हणून ‘वेदना की व्यसन’ हे आजच्या परिसंवादाचं शीर्षकच मला मान्य नाही. आई आणि मुलगा दहा बाय बाराच्या एकाच खोलीत राहत होते आणि दोघांनाही औषधासाठी लोकल पकडावी लागत होती.

आता कायद्याकडे बोट दाखवू नका. फेब्रुवारी 2014 मध्ये संसदेने एनडीपीएस कायदा दुरुस्त केला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन, हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक नार्कोटिक औषधं’ ठरली. 2015 मध्ये नियम आले. पाच-पाच परवान्यांची भानगड गेली. राज्याच्या औषध प्रशासनाची, म्हणजे आपल्या एफडीएची, एक मान्यता पुरते. वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला एक डॉक्टर हवा, जबाबदार माणूस नेमलेला हवा, साठ्याची वही चोख हवी, दरवर्षी हिशेब द्यायला हवा. बस. एवढं तर आपण बायोमेडिकल कचऱ्यासाठी करतो! दशक उलटून गेलं. अजूनही मोठमोठी रुग्णालयं सांगतात, “परवानगी नाही.” परवानगी नाही की मागितलीच नाही? वेदना दाबून ठेवलेला रुग्ण तक्रार करायला परत येत नाही, म्हणून ही मंडळी निवांत आहेत. नर्सिंग होमच्या जाहिरातीत एमआरआय असतो, ‘कॅशलेस’ असतं, एसी डिलक्स खोली असते. दहा मिलिग्रॅमची गोळी नसते, कारण तिच्यात पैसा नाही. हे मी नावं न घेता म्हणते, पण ऐकणाऱ्यांना कळतंय.

संघटनेने या वर्षी काय करावं? एक छोटी समिती नेमू. एफडीएच्या अधिकाऱ्यांना बोलावून त्यांच्या तोंडून नियम ऐकू. महापालिकेच्या उपनगरी रुग्णालयांत गोळ्या मिळाव्यात आणि बुप्रेनॉर्फिनचं केंद्र पश्चिम उपनगरांत जवळ असावं, म्हणून निवेदन देऊ. केमिस्टांच्या संघटनेशी बोलू. तपशील कार्यकारिणी ठरवेल. मला ठरावांपेक्षा माणसांची जास्त गरज आहे.

कारण काम खरं तर एवढंच आहे : दहिसर ते मालाडमधल्या आठ-दहा छोट्या नर्सिंग होमनी मान्यता घ्यायची. आपल्यापैकी आठ-दहा जणांनी प्रशिक्षण घ्यायचं. ज्यांचं स्वतःचं नर्सिंग होम आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर जोडीदाराशी बोला. ज्यांचं नाही, त्यांनी आपण जिथे रुग्ण पाठवता तिथल्या मालकांना विचारा, मॉर्फिन ठेवता का, आणि नसतील ठेवत तर का नाही, ते लेखी मागा. एफडीएच्या अर्जाच्या प्रती आणि प्रशिक्षणासाठी नावं लिहायची वही बाहेर नोंदणीच्या टेबलावर ठेवली आहे. पहिलं नाव माझं आहे. जेवणाच्या रांगेत उभं राहण्याआधी आपलं लिहा.