दारातून परत पाठवले, त्याविषयी



मी सातवी शिकलेली, भाषणाची सवय नाही. पण ह्यांच्या समाचाराला आलेल्या तुम्हांला मी दारातूनच परत पाठवले, ते पुष्कळजणींच्या मनाला लागले आहे, म्हणून बोलते.

वन्संनी ह्यांना आपले एक मूत्रपिंड दिले. शरीर ते परके समजून त्याच्यावर उठते, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या रोज ठरल्या वेळी घ्याव्या लागतात. १९५४ साली बोस्टनला पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण झाले ते हुबेहूब जुळ्या भावांत. तिथे हा प्रश्न आला नाही. आमच्या वन्सं सख्ख्या खऱ्या, पण जुळ्या नव्हेत!

आता पहारेकरीच गुंगीत, म्हणजे चोराला रान मोकळे. आपल्याला नुसते पडसे होते, त्याचा ह्यांच्या छातीत न्युमोनिया होऊ शकतो. पहिले सहा महिने तर फारच जपायचे. चौथ्या महिन्यात ह्यांना कोरडा खोकला लागला, अंगात जरा कणकण. मी आल्याचा काढा देत दोन दिवस घालवले. चूक माझीच. जिना चढताना धाप लागली तेव्हा धावले. डॉक्टर म्हणाले, ह्या गोळ्यांवर ताप फारसा चढतही नाही, म्हणून थांबायचे नसते. ११ दिवस इस्पितळात काढले. त्या रात्री कशा गेल्या ते सांगत नाही.

तेव्हापासून खिडकीतली कबुतरे हाकलली, घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस टोचून घेतली.

रविवारी जरूर या, चहा घेऊनच जा. नाक वाहत असेल तर मात्र खालूनच हाक मारा, मी गॅलरीत येईन.