खोली नसलेल्यांची वासना

(वस्तीतल्या वाचनालयात सिनेमा दाखवल्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच जवळपास ठेवला आहे.)



मघाशी सिनेमा संपला तेव्हा मागून एकानं विचारलं, "पण ह्यात झालं काय?" प्रश्न बरोबर आहे. दीड तास एक बाई जिना उतरते, डब्यात नूडल्स घेते, जिना चढते. एक बाप्या सिगारेटी फुंकतो. पाऊस पडतो. हात हातात घ्यायलाच दोघांना तास लागतो. दुसऱ्यानं त्याहून नेमकं विचारलं, की पांढरपेशांच्या भानगडीचे उसासे आपण का बघायचे? आपल्याला काय दुसरी कामं नाहीत?

मी गोदीत लोखंडी कॉइलला साखळ्या लावतो, रात्री कविता लिहितो, शिक्षण मॅट्रिक. सिनेमाचं व्याकरण मला कुणी शिकवलेलं नाही. पण माणसाची वासना कोण दाबतं आणि कशानं दाबतं, एवढं कळायला फिल्म इन्स्टिट्यूट लागत नाही. म्हणून उभा राहिलो.

वाँग कार-वायचा हा 'इन द मूड फॉर लव्ह' २००० सालचा. गोष्ट १९६२ च्या हाँगकाँगमधली. तेव्हा तिथं इंग्रजांचं राज्य होतं. १९४९ ला चीनमध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले, त्याच्या आगेमागे शांघायहून माणसांचे लोंढे हाँगकाँगला आले. वाँग स्वतः शांघायला जन्मलेला, पाच वर्षांचा असताना इकडं आला. माणसं उदंड, जागा तेवढीच. १९५३ च्या नाताळात शेक किप मे नावाच्या झोपडपट्टीला आग लागली आणि एका रात्रीत सुमारे ५३,००० माणसं उघड्यावर आली. सिनेमात ह्यातलं काही नाही. सिनेमातली माणसं वरच्या पायरीवरची, इस्त्रीच्या कपड्यातली. पण तीसुद्धा दुसऱ्याच्या घरात एक खोली भाड्यानं घेऊन राहतात, हे ध्यानात ठेवा.

मिसेस चॅन आणि तिचा नवरा एका घरात भाडेकरू. मिस्टर चाऊ आणि त्याची बायको शेजारच्या घरात. एकाच दिवशी दोघांचं सामान येतं आणि हमाल ह्याच्या वस्तू तिच्याकडं, तिच्या ह्याच्याकडं नेऊन ठेवतात. गोदीवाल्याचं लक्ष तिकडंच जाणार. आपल्या धंद्याची माणसं सिनेमात जवळजवळ तेवढीच, आणि घरातली म्हातारी मोलकरीण. बाई जहाज कंपनीच्या कचेरीत सेक्रेटरी आहे, पण बंदर कुठं दिसत नाही, टेलिफोन दिसतो. साहेबाची बायको निराळी, बाहेरची निराळी. दोघींचे फोन, दोघींच्या वेळा, दोघींच्या भेटवस्तू ही सेक्रेटरी सांभाळते. नवऱ्याला सांगून साहेबासाठी बाहेरदेशातून दोन पर्सा मागवून देते. एक बायकोला, एक तिला. ती स्वतः मान खाली घालून सगळं टाइप करत राहते.

मग एक दिवस हे दोघं हॉटेलात समोरासमोर बसतात. तो विचारतो, तुमची पर्स कुठून घेतलीत? ती विचारते, तुमचा टाय? तशीच पर्स त्याच्या बायकोकडं आहे. तसाच टाय तिच्या नवऱ्याकडं आहे. इथं मिळत नाहीत त्या वस्तू. म्हणजे हिचा नवरा आणि ह्याची बायको. संपलं. आरडाओरडा नाही, की पिस्तूल नाही. आपल्या हिंदी सिनेमात इथं वीज कडाडली असती.

त्या नवऱ्याचं आणि त्या बायकोचं तोंड वाँग शेवटपर्यंत दाखवत नाही. पाठ दिसते, आवाज ऐकू येतो. दिग्दर्शक आपल्याला त्यांचा न्याय करू देत नाही. तोंड दिसलं असतं तर आपण लगेच म्हणालो असतो, ही बाई तसलीच दिसते.

आणि मग हे दोघं जे करतात ते मी आजवर कुठल्या सिनेमात बघितलं नव्हतं. ते तालीम करतात. त्यांची भानगड सुरू कशी झाली असेल? पहिलं कोण बोललं असेल? तो तिचा नवरा होतो, ती त्याची बायको. हॉटेलात ती त्याच्या बायकोला आवडतं तसं तिखट मोहरी लावून मटण खाते, डोळ्यात पाणी येईपर्यंत. दुसऱ्या तालमीत ती त्याला नवरा समजून विचारते, बाहेर तुझं कुणी आहे का? तो म्हणतो, आहे. ती मारते, पण हात हलकाच पडतो. पुन्हा करून बघतात. तो पुन्हा कबूल करतो, आणि ती कोसळते. एवढं लागेल असं तिला वाटलं नव्हतं. नंतर निरोपाचीही तालीम होते, आणि ती त्याच्या खांद्यावर खरीच रडते.

तालीम करता करता नाटक कुठं संपलं हे त्यांना कळत नाही, आपल्यालाही नाही. दुसऱ्याच्या पापाचा तपास करताना स्वतःची वासना हाताला लागली. ती वासना खोटी आहे असं कोण म्हणेल?

आता खोलीकडं या. एका रात्री ती त्याच्या खोलीत असते. काही नाही, दोघं मिळून पेपरात छापायची हाणामारीची कादंबरी लिहितायत. तेवढ्यात घरमालकाची मंडळी परत येतात आणि माजाँगचा डाव मांडतात. डाव रात्रभर चालतो, दुसऱ्या दिवशीही चालतो. ती अडकली. दार उघडून दहा पावलं चालून स्वतःच्या खोलीत जायचं, एवढंही तिला जमत नाही. शेवटी त्याच्या बायकोचे उंच टाचेचे बूट घालून ती बाहेर पडते, म्हणजे बाहेरून आल्यासारखं दिसावं. पाय दुखतात. सगळ्या सिनेमात मला हे सगळ्यात भयंकर वाटलं. गुन्हा काहीच केला नाही आणि दुसरीच्या बुटात पाय कोंबून निर्दोष असल्याचं सोंग करायचं.

घरमालकीण मिसेस सुएन वाईट बाई नाही. जेवायला बोलावते, काळजी करते. पण नूडल्स आणायला एवढं नटून जाते, हेही तिच्याच घरात बोललं जातं. आणि एकदा ती प्रेमानं समजावते, नवरा नसताना फार बाहेर राहू नये. त्यानंतर बाईचं जाणंच बंद. पोलीस लागला नाही, पंचायत लागली नाही.

जगभरच्या समीक्षकांनी ह्या सिनेमाला डोक्यावर घेतलं. टोनी लिअंगला २००० साली कानला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं बक्षीस मिळालं. २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड'नं समीक्षकांचा कौल घेतला, त्यात हा पाचवा आला. आणि ही मंडळी ज्याचं कौतुक करतात तो शब्द एकच, संयम. मी म्हणतो, संयम कुणाचा? तिचा नवरा संयम करत नाही. साहेब करत नाही. चाऊचा दोस्त आ पिंग रंडीबाजी करून येतो आणि हसत सांगतो. संयमाचं ओझं कुणाच्या पाठीवर आहे ते बघा, मग सौंदर्य बोला.

कायद्याचंही ऐका. १९६२ च्या हाँगकाँगमध्ये चिनी पुरुषाला रूढीप्रमाणं लग्नाच्या बायकोवर उपबायको ठेवायला कायद्याची मान्यता होती. इंग्रजांनी ती रूढी जपली. ती बंद झाली ७ ऑक्टोबर १९७१ ला. बाईला असला हक्क कधीच नव्हता. त्याच इंग्रजांनी आपल्याला १८६० च्या दंडसंहितेत कलम ४९७ दिलं. परक्याच्या बायकोशी संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार, पण नवऱ्याची संमती असेल किंवा त्यानं कानाडोळा केला असेल तर गुन्हाच नाही. म्हणजे बाई ही नवऱ्याची वस्तू, परवानगीनं वापरायची. आणि नवऱ्यानं बाहेर तोंड मारलं तर बायकोला ह्या कलमाखाली तक्रारच करता येत नव्हती. सुप्रीम कोर्टानं हे कलम २०१८ च्या सप्टेंबरात उडवलं. दीडशेच्या वर वर्षं गेली.

आता माझं भांडण. हे दोघं एक शपथ घेतात, आपण त्यांच्यासारखं व्हायचं नाही. टाळ्या वाजवाव्यात असं वाक्य. मला तिथं अंगावर काटा आला. ते घाणेरडे, आपण स्वच्छ. ही भाषा आपण ओळखत नाही का? विटाळाची भाषा आहे ही. हिच्या जोरावर आपल्याला पिढ्यानपिढ्या गावाबाहेर ठेवलं. तीच भाषा बाईच्या अंगाला लावली की तिला चारित्र्य म्हणतात.

पण त्याच्या आणि तिच्या शपथेत फरक आहे, आणि तो वाँगला कळलेला आहे. चाऊ सिंगापूरला नोकरी धरतो, जातो. हॉटेलातली २०४६ नंबरची खोली तो भाड्यानं घेऊ शकतो. तिचं नाव, नोकरी, भाड्याची खोली, सगळं नवऱ्याच्या नावाला टांगलेलं. तिच्या संयमाला मी अभिमान म्हणणार नाही, ती भीती आहे, आणि भीतीला कारण आहे.

इथं बसलेल्यांपैकी काहीजण व्यासपीठावरून मनुस्मृती फाडतात आणि घरी जाऊन बहिणीचा मोबाइल तपासतात. नावं घेत नाही. पत्र्याच्या भिंतीतून शेजारच्या वहिनीकडं कोण आलं ते ऐकतात आणि सकाळी नाक्यावर सांगतात. आपल्या वस्तीत तर आडोसाच नाही. नवीन लग्न झालेलं जोडपं मोरीचा पडदा ओढून बोलतं. अशा ठिकाणी बाईवर पाळत ठेवायला घरमालकीण लागत नाही, आपण सगळे मिळून मिसेस सुएन आहोत. उद्या वस्तीतली एखादी बाई म्हणाली की नवऱ्याबरोबर माझं मन नाही, दुसऱ्यावर आहे, तर आपली संघटना तिच्या दारात कशाला उभी राहील? तिला सोबत करायला की जाब विचारायला? ह्यावर आज चर्चा करा, मी ऐकायला बसतो.

शेवटाचं राहिलं. साल १९६६. ती त्या जुन्या घरी परत येते, मिसेस सुएन अमेरिकेला निघालीय, ती ते घरच भाड्यानं घेते. बरोबर लहान मुलगा. कुणाचा, ते वाँग सांगत नाही, आणि आपणही विचारू नये. चाऊही एकदा शेजारच्या दारात येतो. कळतं, बाजूला एक बाई मुलाला घेऊन राहते. थांबतो, आणि दार न वाजवता निघून जातो. पुढं कंबोडियात, अंगकोर वाटच्या दगडी भिंतीतल्या भोकाला तोंड लावून तो मनातलं सांगतो आणि भोक बुजवतो. बाप्याला सांगायला एवढं मोठं देऊळ मिळालं. तिच्यासाठी वाँगनं भिंत शोधलेली नाही. ती मुलाला तयार करते, हाक मारते, आणि दोघं घराबाहेर पडतात.