गावाचे दप्तर



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा आम्ही प्रथम नाहीच म्हटले होते. या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावयाचे आणि आमच्यासारख्यांनी मागे सतरंजीवर बसून ऐकावयाचे, ही आमची इतक्या वर्षांची सवय. आमची शाळा लवकर सुटली. पुढची शाळा युनियनच्या कचेरीत झाली. तेथे पहिल्या दिवसापासून एकच धडा गिरवला. तो असा की, कामगार खरे बोलतो एवढ्याने भागत नाही. ते खरे कुठेतरी लिहिलेले असावे लागते. आजचा विषय गावाच्या आठवणी जतन करण्याचा आहे. इतिहासाचा अधिकार आमच्याकडे नाही. परंतु कागद नसला म्हणजे माणसाचे काय होते, हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे. तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणूस त्यात उतरला आणि त्यात आपल्या सातारा-सांगलीकडचा वाटा मोठा होता. गिरण्या पुढे एकेक करून बंद पडल्या. माणसे वळकटी घेऊन गावी आली. मग २०१० नंतर म्हाडाने घरांसाठी या कामगारांचे अर्ज मागवले. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता, तो पात्र. तो पटावर होता हे सिद्ध करण्याचे काम आम्ही खेडोपाडी फिरून करीत होतो. कोणाच्या पत्र्याच्या पेटीत हजेरीकार्ड निघे, कोणाकडे ईएसआयचे कार्ड, कोणाकडे नुसते तिकीट नंबराचे बिल्ले. आणि कोणाकडे काहीच नसे. वीस वर्षे साचा चालवलेला माणूस. पण गिरणी गेली तसा तिचा हजेरीपट गेला, आणि त्याबरोबर याची वीस वर्षेही गेली!

अशाच एका घरी आम्ही ओसरीवर बसून अर्ज भरीत होतो. गावाचे नाव सांगत नाही. अर्जदार साठीचा, त्याची आई पंच्याऐंशीच्या पुढची. म्हातारी उंबऱ्यात बसून सगळे ऐकत होती. आमची लेखणी थांबलेली पाहून ती म्हणाली, “बाबा, माझंबी ल्ह्या की.” आम्हांला वाटले, तिलाही काही अर्ज करावयाचा असेल. विचारले तर म्हणाली, “आर्ज न्हाई रं. बेचाळीसात उसाच्या फडात भाकरी पोचवल्यात म्या. रानात मानसं असायची. कुणाची नावं ठावं न्हवती. सासऱ्यानं सांगितलं, इचारायचं न्हाई. म्या इचारलं न्हाई. आता तेवढं ल्ह्या.”

आमच्या पुढ्यात अजून सात-आठ घरे होती. शेवटची एस.टी. गाठावयाची होती. आम्ही म्हणालो, “आजी, पुढच्या खेपेला निवांत बसून लिहितो.” पुढची खेप चार महिन्यांनी झाली. तोवर म्हातारी गेली होती. लेकाला विचारले, कुठले रान, कुठला ओढा, कोण माणसे? त्याला ठाऊक नव्हते. त्याने कधी विचारलेच नव्हते.

ती म्हातारी ज्या गोष्टीची साक्षीदार होती, ती या भागातली लहानसहान गोष्ट नव्हे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. परशुराम घार्गे यांच्यासारखी माणसे त्यात कामी आली. उघड मोर्चांवर गोळ्या पडू लागल्या तेव्हा चळवळ भूमिगत झाली, आणि १९४३ पासून १९४६ पर्यंत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली साताऱ्याचे प्रतिसरकार उभे राहिले. त्या वेळी सांगली हा वेगळा जिल्हा नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. येडे मच्छिंद्र, कुंडल, वाळवा, कासेगाव ही सगळी एकाच साताऱ्याची गावे. कुंडल औंध संस्थानात होते, म्हणून इंग्रजी पोलिसांना तेथे सरळ हात घालणे अवघड जाई, हाही एक आडोसा होता. या सरकारने गावोगाव न्यायमंडळे चालवली, भांडणे मिटवली, कमी खर्चाची लग्ने लावली, गुंडांचा बंदोबस्त केला. निंदकांनी त्याचे ‘पत्री सरकार’ केले आणि लोकांनी तेही नाव आपलेसे केले.

आता गंमत पाहा. नाना पाटील स्वतः तलाठी होते. नोकरी सोडून चळवळीत आले. म्हणजे गावाचे दप्तर कसे ठेवतात हे त्या माणसाला चांगले माहीत होते. पण भूमिगत सरकारला दप्तर कसे ठेवता येईल? चिठ्ठी सापडली तर पाच घरे तुरुंगात जावयाची. म्हणून निरोप तोंडी, हुकूम तोंडी, आणि पुष्कळदा निकालही तोंडीच. कागद ठेवला तो प्रामुख्याने पोलिसांनी! आणि पोलिसांच्या कागदात माणसे कोणत्या नावाने आली? दरोडेखोर, फरारी, गुन्हेगार.

७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ तुफान सेनेने आगगाडी अडवून तीतले सरकारी पैसे काढून नेले. कागदोपत्री ती लूट. त्या कामगिरीचे नेते कुंडलचे कॅप्टन भाऊ लाड शेवटपर्यंत या शब्दावर हरकत घेत. लोकांचे लुटलेले पैसे आम्ही परत आणले, असे त्यांचे म्हणणे. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यांच्याजवळ बसून त्यांचे बोलणे टिपून ठेवले, म्हणून ती हरकत आज आपल्यापर्यंत आली. क्रांतिसिंहांच्या कन्या हौसाबाई पाटील २०२१ साली गेल्या, भाऊ लाड २०२२ साली गेले. त्यांचे टिपून झाले होते. आमच्या म्हातारीचे झाले नव्हते. ती काही पुढारी नव्हती. पण भाकरी पोचली नसती तर पुढारी रानात किती दिवस टिकले असते, याचा हिशेब आपणच करावा.

१९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांना केंद्र सरकारने पेन्शन सुरू केली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण तेथेही पुरावा हवा : तुरुंगवासाचा दाखला, नाहीतर वॉरंट निघाल्याचा, बक्षीस लागल्याचा कागद. भाकरी नेणाऱ्या बाईवर कोण वॉरंट काढणार? जी सापडली नाही, जिने तोंड उघडले नाही, तिने काम चोख केले म्हणूनच तिच्याजवळ पुरावा नाही. गिरणीतला बदली कामगार आणि ही म्हातारी या बाबतीत एकाच पंगतीतली!

आपल्या भागाला कागद जपण्याची परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, तो वाईस मिळालेल्या कागदांवरून. मिरजेस शाळेत शिकवता शिकवता वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तरातले कागद वाचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. या माणसांपुढे आम्ही नम्र आहोत. परंतु हे कागद सरदारांच्या वाड्यांतले. ज्यांच्या घरी माळा नव्हता, माळ्यावर पेटी नव्हती, त्यांचे काय? त्यांच्यासाठी गावाने स्वतःची सोय केली होती. वेशीजवळचा वीरगळ होता. काही वर्षांच्या अंतराने दारी येणारा हेळवी होता. तो घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवी आणि नव्या पोराचे नाव वहीत चढवी. जत्रेतल्या मानपानाचा क्रम होता, शेताशेतांची नावे होती. पण वीरगळावर नाव क्वचितच असते, आणि हेळव्याच्या वंशावळीत बापापासून लेकाकडे रेघ जाते. लेकीसुनेची रेघ तेथे सहसा दिसत नाही. कोयनेच्या शिवसागराखाली गेलेल्या गावांची तर शेतेही राहिली नाहीत. त्या शेतांची नावे आता फक्त उठून गेलेल्यांच्या तोंडी आहेत.

आता कोणी म्हणेल, म्हाताऱ्यांच्या आठवणींवर कितीसा विश्वास ठेवावा? प्रश्न रास्त आहे. आमचा अनुभव असा की, संपाच्या एकाच सभेला दहा माणसे हजर असली तर सभा दहा प्रकारची होते. जो मागे उभा होता तो तीस वर्षांनी व्यासपीठावर चढलेला असतो! म्हणून आठवण हीच साक्ष, पण उलटतपासणी झाल्याखेरीज पुरी नव्हे. दोघांना वेगवेगळे विचारावे, तारीख पंचांगाशी आणि वर्तमानपत्राशी ताडून पाहावी, जेथे जमत नाही तेथे दोन्ही म्हणणी लिहावीत. खोटे ठरवण्याची घाई नको, आणि शोभिवंत करण्याची तर मुळीच नको.

दुसरी अडचण याहून मोठी. गावाला सगळेच आठवावयाचे नसते. १९४८ साली गांधीजींच्या खुनानंतर या सातारा-सांगली भागात ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. वाडे जळतात तेव्हा माळ्यावरच्या पेट्याही जळतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेली माणसे गाव सोडून जातात. बेचाळीसचा पोवाडा गाणारे गाव अठ्ठेचाळीसचे नाव काढले की गप्प होते. तसेच दुसरे : गावच्या विहिरीवर कोणाला पाणी भरू दिले नाही, सभेत कोणाला दूर बसवले, मिळालेला न्याय महारवाड्या-मांगवाड्यापर्यंत किती पोचला, हेही गावाचेच आहे. प्रतिसरकारच्या काळात शिक्षा झालेल्यांची घरेही गावातच आहेत. त्यांचेही म्हणणे विचारले पाहिजे. आम्हाला प्रतिसरकारचा अभिमान आहे, म्हणूनच असे म्हणतो. सोयीचे तेवढेच लिहिले, तर मालकाच्या हजेरीपटात आणि आपल्या वहीत फरक काय राहिला?

हे काम आपल्यासारख्या साध्या माणसांच्या हातून होते का? होते. स्वीडनमध्ये स्वेन लिंडक्विस्ट नावाच्या लेखकाने १९७८ साली एक पुस्तक लिहिले. जेथे उभे आहात तेथेच खणा, असे त्याचे नाव. कारखान्याचा इतिहास मालक लिहवून घेतो. तेव्हा कामगारांनो, आपल्या कामाचे जाणकार तुम्हीच आहात, तुम्हीच तो शोधा, असा त्याचा उपदेश. कामगारांनी मंडळे काढून ते काम अंगावर घेतले. इतके दूर तरी कशाला जा? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांना घरोघर गाठून बोलते केले आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ झाला. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून शंभर वर्षांची हकीकत गोळा केली. ती मराठीतही आहे. त्यातली कितीतरी माणसे मूळची घाटावरची, आपल्याकडची.

आता काळाचा हिशेब करू. युनियनच्या माणसाला हिशेबाशिवाय चैन पडत नाही. १९४३ साली जे पोर पंधरा वर्षांचे होते ते आज शंभरीच्या दारात आहे. तेथे आपण उशिरा पोचलो, हे कबूल करावे. पण १९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडीच्या कामांवर खडी फोडलेली, मिलो आणि सुकडी खाल्लेली बाई अजून आहे. १९८२ च्या संपातून परत आलेला तीस वर्षांचा साचेवाला आज पंच्याहत्तरीच्या घरात आहे. असेच संपकरी खानापूर तालुक्यात परतले, दुष्काळाच्या प्रश्नाला भिडले आणि त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळेवर बळवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधले. पाणी कसे वाटावयाचे यावर ज्या सभा झाल्या, त्यांत बोललेली माणसे अजून बोलू शकतात. त्यांचे आता विचारले नाही, तर आणखी पंधरा वर्षांनी या व्यासपीठावर कोणीतरी उभा राहील आणि आमच्यासारखेच म्हणेल की, पुढच्या खेपेला लिहू म्हटले होते.

यास संग्रहालय नको, इमारत नको, देणगीची पावती नको. शंभर पानी वही पुरे. वर सांगणाऱ्याचे नाव, गाव, वय, खाली तारीख, मग तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत. आपण सुधारू नये. ‘ल्ह्या’ म्हटले तर ‘ल्ह्या’च लिहावे. आज पोरांच्या हाती फोन आहेत, आवाज टिपून घ्यावा. पण वहीही ठेवावी, कारण फोन बदलतो. लिहून झाल्यावर त्याला वाचून दाखवावे आणि त्याने ‘हे नको’ म्हटले तर त्याचे ऐकावे. एक प्रत घरी, एक गावच्या वाचनालयात. प्रारंभ बाईमाणसापासून करावा, कारण तिला आजवर कोणी विचारलेले नाही.

सभेला आलेल्या प्रत्येकाच्या घरी, नाहीतर शेजारी, एक तरी उंबरा असा असेल. उद्या रविवार आहे. आम्ही स्वतः उद्या सकाळी त्याच गावी जाणार आहोत. म्हातारीच्या जावेची सून अजून आहे असे कळते. सासूच्या तोंडून तिने काही ऐकले असले तर तेवढे तरी लिहून आणू. शेवटची एस.टी. चुकली तरी हरकत नाही.