आकाशातला मंगळ आणि पत्रिकेतला मंगळ
(वर्धापनदिनी विहारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही डॉ. जयंत नारळीकर यांच्याविषयी चार शब्द बोलणार आहोत. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. आम्ही काही कॉलेजात शिकलेली माणसं नव्हेत. साच्यावर उभं राहण्यात आमची उमर गेली. रात्रपाळी करून यायचं आणि वाचनालयातलं पुस्तक घेऊन बसायचं, त्यात त्यांचं 'आकाशाशी जडले नाते' हाती लागलं. गणित सोडून बाकीचं आम्हाला समजलं, हे त्यांचंच मोठेपण.

१९ जुलै १९३८ ला कोल्हापुरात त्यांचा जन्म. वडील बनारसला गणिताचे प्राध्यापक. पुढे केंब्रिजला जाऊन फ्रेड हॉईल यांच्यासोबत त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. १९७२ साली ते भारतात परतले. १९८८ साली पुण्यात 'आयुका' ही संस्था त्यांनी उभी केली. मराठीत विज्ञानकथा लिहिली, तीही पहिल्यांदा स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. आपल्या नावाकडे बघून बक्षीस नको! बक्षीस मिळालंच. मुलं सही मागायला आली तर म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल.

आता मुद्द्याचं. २००८ साली त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर वगैरे मंडळींना सोबत घेऊन फलज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका बघून कोण कुठला ते सांगायचं. नाणं उडवलं तरी २० बरोबर येतील. ज्योतिषांची सरासरी त्याच्याही खाली गेली. शिव्या नाहीत, भांडण नाही, नुसता हिशेब.

हे सगळं आम्ही वाचलेलं होतं, बरं का. तरी थोरलीला स्थळ आलं, पाहुण्यांनी पत्रिका मागितली, आणि आम्ही गुपचूप जाऊन काढून आणली. पत्रिकेत मंगळ निघाला. स्थळ मोडलं. पोर म्हणाली, "बाबा, विहारात विज्ञानावर बोलता आणि माझी पत्रिका काढता?" आम्ही खाली मान घातली. दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही.

पुढे तिचं लग्न याच विहारात झालं, पत्रिका न बघता. तो कागद मात्र आम्ही ठेवलाय. मुलांचा वर्ग गच्चीवर भरेल तेव्हा घेऊन येऊ. मुलांनी वर आकाशात मंगळ शोधायचा, आणि तो आमच्या पोरीचं काय वाकडं करतो ते आम्हाला विचारायचं.