गाडीच्या आतला रंगीत उजेड

मोटारीचं दार उघडलं की छतावर एक पिवळसर दिवा लागतो आणि दार लावलं की विझतो. इतकी वर्षं त्या दिव्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. आता गाडी घेतलेल्या तरुणांना तो निळा हवा असतो, जांभळा हवा असतो. माझा भाचा त्यातलाच. ‘मामा, तुम्ही आयुष्यभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केलेत, तुम्हाला काय अवघड?’ असं म्हणून त्यानं आपली जुनी गाडी माझ्या दारात आणून उभी केली. मी म्हटलं, ‘काम तू करायचंस. मी खुर्ची टाकून बसतो.’ ज्यानं आयुष्यात एकदाही डाग दिलेला नाही अशा माणसाला हे जमतं का? जमतं.

छताच्या दिव्यात बहुधा बोटाच्या पेराएवढी काचेची नळी असते, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या. तिची लांबी पट्टीनं मोजावी. ३१, ३६, ४१ मिलिमीटर अशी मापं मिळतात आणि चुकीचं माप एक तर बसतच नाही, नाहीतर खड्ड्यात गाडी गेली की लुकलुकतं. त्यापेक्षा जुना बल्बच दुकानात न्यावा. आधी फ्यूज काढून ठेवायचा. कुठला, ते बहुतेक गाड्यांत फ्यूजपेटीच्या झाकणावर दाखवलेलं असतं. दिवा नुकताच जळत असेल तर थोडं थांबा, बल्ब चांगलाच चटका देतो. दिव्याचं टोपण काढायला स्क्रू ड्रायव्हर वापरू नका, कायमचे ओरखडे पडतात. मुदत संपलेलं एखादं प्लॅस्टिकचं कार्ड या कामाला उत्तम.

जुना बल्ब उलटा बसवा की सुलटा, तो लागतो. एलईडी मात्र वीज एकाच दिशेनं जाऊ देतो. भाच्यानं नवा दिवा बसवला, फ्यूज लावला, दार उघडलं आणि अंधार! तो थेट दुकानदाराला फोन लावायला निघाला. मी म्हटलं, ‘टोकं बदलून बघ.’ बदलली आणि लागला.

इथवर काम फार तर अर्ध्या तासाचं. पण हौस छतावर थांबत नाही. पायांपाशी, सीटखाली एलईडीच्या पट्ट्या लावायच्या असतात, आणि खरी काळजी तिथं घ्यायची. पट्टीवर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं. गाडीचं इंजिन चालू झालं की मात्र बॅटरीला १४ व्होल्टच्या वर दाब मिळतो. साध्या निळ्या पट्टीत तीन-तीन दिवे एका रांगेत असतात, प्रत्येक साधारण ३ व्होल्ट खातो आणि उरलेला दाब एक छोटा रेझिस्टर पेलतो. हिशेब केलात तर लक्षात येईल, की दाब दोन व्होल्टांनी वाढला तरी दिव्यांतून जाणारा प्रवाह दीडपटीहून जास्त होतो. स्वस्तातल्या पट्ट्या काही महिन्यांतच मंद का होतात, त्याचं हे एक कारण.

दुसरी गोष्ट फ्यूजची. पट्टीची वायर दोऱ्यासारखी बारीक असते. ती १५ अँपिअरच्या फ्यूजवर जोडली आणि सीटच्या लोखंडी रुळाखाली चेंगरली, तर फ्यूज उडायच्या आधी वायर पेटू शकते. म्हणून जिथून वीज घेतली तिथंच एक किंवा दोन अँपिअरचा वेगळा फ्यूज घालायचा. एवढ्याशा फ्यूजचा कंटाळा करणारे कारागीर मी पाहिले आहेत. आणि वायर ओढताना पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर त्याला हात लावू नका. बहुतेक गाड्यांत तो एअरबॅगचा असतो.

आता रंग. लाल एलईडी १९६२ पासून आहे, पण झगझगीत निळा मिळायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. तो घडवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना, अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना, २०१४ मध्ये नोबेल मिळालं. एवढ्या मोलाचा निळा दिवा, पण चालकाच्या डोक्यावर तो नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिन्हीसांजेला अंगणात उभे राहून पाहा. लाल जास्वंद आधी काळी पडते, निळी गोकर्ण मात्र बराच वेळ दिसत राहते. अंधारात पाहणाऱ्या पेशी निळ्या-हिरव्या उजेडाला फार हळव्या असतात, गडद लाल त्यांना जवळजवळ जाणवतच नाही. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि गाडीतला निळा झगमगाट ती सवय लागूच देत नाही. शिवाय निळा किरण डोळ्यात पडद्याच्या जरा अलीकडेच एकवटतो, म्हणून रात्री दुकानाची निळी पाटी दुरून पसरलेली दिसते. त्यातच समोरच्या काचेवर त्याचं प्रतिबिंब पडतं.

माझा भाचा दर शनिवारी रात्री ठाण्याहून नाशिकला जातो. कसारा घाटात वळणावर एखादा ट्रक मागचा दिवा न लावता उभा असतो, हे त्या रस्त्यानं जाणाऱ्यांना सांगायला नको. तो ट्रक दोन सेकंद आधी दिसला पाहिजे. हे ऐकल्यावर त्याची कुरकुर चालली, ‘मित्रांच्या गाड्यांत तर निळेच आहेत.’ शेवटी तडजोड झाली. छताला साधा पांढरा, दार उघडल्यावरच लागणारा. पायांपाशी मंद नारिंगी पट्टी, डॅशबोर्डखाली आत वळवून, म्हणजे उजेड दिसेल पण दिवा दिसणार नाही. निळी पट्टी डिकीत लावली आणि तिथं ती खरोखर छान दिसते!

काढलेले जुने बल्ब टाकू नका. फ्यूजच्या एका जादा जोडीसह कागदात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. रात्री वाटेत एलईडी बंद पडला, तर तोच पिवळा दिवा पाच मिनिटांत परत बसवता येतो.