राजमुद्रेचा अर्थ
(वार्षिक संमेलनातील भाषण)



नाण्यांवर, नोटांवर व सरकारी कागदांवर जी राजमुद्रा आपण नित्य पाहतो, तिच्याविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली आहे.

भगवान बुद्धांनी जेथे पहिला धर्मोपदेश केला, त्या सारनाथ येथे सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एक शिलास्तंभ उभारला. त्या स्तंभाचा सुमारे सात फूट उंचीचा शिरोभाग हे या मुद्रेचे मूळ होय. वालुकाश्मातून घडविलेला व आरशासारखा घोटलेला हा भाग १९०४-०५ च्या उत्खननात ओर्टेल नामक अभियंत्यास सापडला. २६ जानेवारी १९५० रोजी भारत सरकारने तो राजमुद्रा म्हणून स्वीकारला. मुद्रेखालील ‘सत्यमेव जयते’ हे वचन मुंडकोपनिषदातील आहे.

मूळ शिल्पात चार सिंह पाठीला पाठ लावून बसले आहेत. चित्रात तीनच दिसतात. खालच्या पट्टीवर हत्ती, घोडा, बैल व सिंह असून त्यांच्यामध्ये चक्रे आहेत. मुद्रेत मधोमध चक्र, उजवीकडे बैल व डावीकडे घोडा येतो. तळचे उलटे कमळ गाळले आहे. सिंहांच्या मस्तकांवर पूर्वी एक मोठे धर्मचक्र होते. त्याचे केवळ तुकडे मिळाले. बळ कितीही असो, त्याच्या माथ्यावर धर्म हवा, असा बोध मी त्यातून घेतो.

याच स्तंभावर अशोकाची एक ताकीद कोरलेली आहे. जो कोणी भिक्षुसंघात फूट पाडील, त्यास श्वेत वस्त्रे नेसवून संघाच्या निवासाबाहेर ठेवावे, असा तिचा आशय आहे. वसतिगृहाच्या प्रश्नावरून आपल्या मंडळात दोन तट पडले आहेत, हे आपण जाणताच. सिंहांची तोंडे चार दिशांना आहेत, परंतु पाठ एकच आहे. मतभेद अवश्य असावेत. पाठ मात्र सुटू नये.

या अंकाच्या मुखपृष्ठावर राजमुद्रा छापावी, अशी सूचना काही उत्साही तरुणांनी केली होती. तिच्या अनुचित वापरास २००५ च्या अधिनियमाने बंदी आहेच. परंतु कायदा नसता, तरीही मी नकोच म्हटले असते. ती मुद्रा सकल राष्ट्राची आहे. एका ज्ञातीने ती आपल्या दारावर लावणे शोभत नाही. तिच्याखालचे वचन आपल्या हिशेबात व व्यवहारात उतरले, म्हणजे पुष्कळ झाले.